यासीन मास्तरांचा ळ

फाल्गुन लागल्याचं मला आधी घशात कळतं. परभणीत आमच्या घरामागं अजून चार-दोन वावरं शिल्लक आहेत आणि तिथं ज्वारी यंत्रावर काढतात. पूर्वी आठ-आठ दिवस चालणारं खळं आता दुपारच्या चहाआधी उरकतं. कणसांचा बारीक भुसा तेवढा तोच राहिला आहे. वाऱ्यावर तो खिडकीतून आत येतो, मानेला खाजवतो, घशाला चिकटतो. ऐंशी उलटलेली मी हातातलं पुस्तक पालथं ठेवते आणि नुसती बसून राहते. सून विचारते, खिडकी लावू का? मी म्हणते, राहू दे.

सुग्या मी पुष्कळ पाहिल्या. नोकरीत गावं बदलत गेली, तशा खळ्यांच्या जमिनीही बदलल्या. सोनपेठकडे गोदावरीच्या काठची काळीभोर, जिंतूरकडे जरा मुरमाड. पण हा वास आला की मन दरवेळी एकाच सुगीत जातं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. मी एकोणीस वर्षांची होते, बोरीत सून म्हणून येऊन दीड वर्ष झालं होतं. त्या सुगीत मी दोन मास्तरांना शिकवलं. त्यातले एक माझे यजमान होते आणि दुसरे त्यांचे गुरू.

आता हे ऐकणाऱ्याला गमतीचं वाटतं. तेव्हा त्यात गंमत फारशी नव्हती.

माझं माहेर वाशीमकडचं, म्हणजे त्या वेळच्या इंग्रजी मुलखातलं. गावात मराठी शाळा होती आणि मी चौथी पास झाले होते. बोरी तिथून फार लांब नाही, पण मध्ये राज्याची हद्द होती. हद्दीच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात, अर्ज उर्दूत, निकाल उर्दूत, वरच्या वर्गातलं गणितसुद्धा उर्दूत. माझे यजमान दत्तात्रेय, गावात दत्तू मास्तर. घरीदारी मराठी बोलायचे, स्वप्नंही मराठीतच पाहत असतील, पण शिकले सगळं उर्दूत. मराठी वाचताना अडखळायचे आणि लिहायला घेतलं की त्यांचा हात थांबायचा. लग्नानंतर मी माहेरी गेले होते तेव्हा त्यांचं पत्र आलं. वरचा पत्ता कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलेला आणि आत सगळं उर्दू. आमच्या गावात ते वाचणारं कुणी नव्हतं. नवऱ्याचं पहिलं पत्र मी सासरी परत आल्यावर त्यांनाच वाचायला लावलं. त्यात थोरला बैल लंगडतोय एवढंच होतं.

संक्रांतीच्या सुमारास वरून हुकूम आला. शाळा यापुढं मराठीत चालतील. ज्यांचं शिक्षण उर्दूत झालं त्या मास्तरांनी चैत्रात मराठीची परीक्षा द्यायची. नापास होईल त्याची जागा जाईल. यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि जेवायला बसले. जेवताना मध्येच म्हणाले, तुझ्या पेटीत पुस्तकं आहेत ना? मी हो म्हटलं. यांना मीच शिकवायचं, हे दोघांनाही कळलं होतं.

पेटीत तीन पुस्तकं होती. चौथीचं वाचनपुस्तक, व्रतांची एक पोथी आणि मामानं दिलेलं एक प्रवासवर्णन. त्या तिसऱ्याला पुठ्ठा नव्हता, पहिली अकरा पानंही नव्हती. लेखक कोण, पुस्तकाचं नाव काय, हे मला कधीच कळलं नाही. बाराव्या पानावर अर्ध्या वाक्यातून एक माणूस गलबतातून कोकणच्या किनाऱ्यानं निघालेला असायचा. मी ते इतक्यांदा वाचलं होतं की ती पहिली अकरा पानं माझी मीच मनात लिहिली होती. तो माणूस घरातून का निघाला, कुणाशी भांडला, बायकोनं शिदोरीला काय दिलं. पुढं आयुष्यात मी समुद्र दोनदा पाहिला. दोन्ही वेळा तो मला त्या पुस्तकातल्यापेक्षा जरा लहान वाटला.

यासीन मास्तर आमच्याकडे आले ते हुकमानंतर आठवड्यानं. पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, दाढी नेमकी कातरलेली. गावच्या याच शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांच्या हाताला धरून लिहायला शिकवलं होतं, त्यात हेही होते. त्यांचं खरं वेड किताबतीचं, म्हणजे सुंदर अक्षर काढण्याचं. बोरूचं टोक ते नखावर घासून पाहायचे. जवळच्या चार गावांत लग्नाचं आमंत्रण असो की कबरीवरचा दगड, अक्षर त्यांचंच. शेरही करायचे, पण ते कुणाला फारसे ऐकवायचे नाहीत. राज्य बदललं त्या भादव्यात त्यांच्या घराला कुलूप लागलं होतं. चार महिन्यांनी ते बायकोला घेऊन परत आले तेव्हा दाराची कडी कुणीतरी उपटून नेली होती. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पुष्कळ दिवस दार सुतळीनं बांधायचे. नातेवाईक हैदराबादेला बोलवत होते. यांनी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले होते, तिथं माझ्यासारखे गल्लीत दहा. इथं मी एकटा आहे.

त्या दिवशी ते ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि दाराआड उभ्या असलेल्या माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, दत्तूला शिकवशील तवा मला बी बसू दे. मला मराठी बोलायला येती, लिवायला ग म भ न्हाई."

माझ्या सासूबाई चुलीपाशी होत्या. त्या काय म्हणतात याकडे माझे कान. त्या एवढंच म्हणाल्या, "सुगी आलीय. रिकामं बसून काही व्हणार न्हाई, हाताला काम ठेवून शिकवायचं आसंल तर शिकव."

सुगीत शाळा सकाळची भरायची. दुपारी खळ्यावर कडुलिंबाखाली आमची शाळा भरू लागली. कापून आणलेल्या ज्वारीच्या पेंढ्यांसमोर मी आणि सासूबाई बसायच्या, कणसं मोडून पाटीत टाकायच्या. समोर पोत्यावर हे दोघं मास्तर, मांडीवर पाट्या. मी हात न थांबवता पुस्तकातलं सांगायची आणि ते लिहायचे. चौथीचं पुस्तक महिन्यात संपलं. पोथी यांना कंटाळवाणी वाटली. मग मी गलबत काढलं. आजूबाजूला कोसभर पाणी नाही, विहिरी तळाला गेलेल्या, आणि दोन मोठी माणसं घाम पुसत पाटीवर लिहितायत: भरती, ओहोटी, शीड, दीपस्तंभ. सासूबाई मध्येच विचारायच्या, मग त्या माणसाचं पुढं काय झालं? पोचला का? ओलेत्यानं जेवला का? एकदा वादळाच्या पानावर मी थांबले तर त्या रागावल्या.

यासीन मास्तरांचा हात पहिले आठ दिवस उजवीकडून निघायचा. मग ते स्वतःच्या मनगटाकडे असे बघायचे, जसं हट्टी वासराकडे बघावं. पण एकदा डावीकडची वाट बसली आणि त्यांना देवनागरीचा नाद लागला. आधी ते सगळ्या ओळीची वरची रेघ ओढून घ्यायचे आणि मग एकेक अक्षर तिला लटकवायचे. एकदा म्हणाले, "सूनबाई, तुमच्या अक्षराला छप्पर हाय. आमची सारी उघड्यावर." कुठलं अक्षर कुठं जाड, कुठं बारीक, कान्याचा पाय किती लांब, ह्याचा त्यांनी असा विचार केला की मी मास्तरीण असून मलाच नव्यानं दिसू लागलं. अक्षराला अंग असतं, वजन असतं, ते उभं राहतं किंवा पडतं, हे मला त्यांनी शिकवलं. चौथीपर्यंत मी अक्षरं नुसती वापरली होती.

त्यांना अडवलं ते 'ळ'नं. जिभेवरही आणि पाटीवरही. 'काळा' म्हणायला जायचे आणि 'काला' निघायचं. 'फळ' म्हटलं की फल. लिहिताना तर त्या दोन गाठींचा तोल जमेना. एक मोठी झाली की दुसरी पोरकी दिसे. दुपारभर ते एकच अक्षर काढून पुसायचे. हे वैतागून म्हणायचे, मास्तरसाहेब, परीक्षेत ळ वाईट आला म्हणून कुणी नापास करत नाही. ते म्हणायचे, तो मला वाईट दिसतो ना.

त्याच दिवसांत माझंही एक गाणं निघालं. कणसं मोडताना बाया काहीतरी गुणगुणतातच, मीही गुणगुणायची. जुनं आठवेना म्हणून आपलंच जोडत गेले:

मोडलं कणूस बाई, भरली गं पाटी,
माझं नाव मी लिहिलं धांड्याच्या पाठी.

धांडा म्हणजे कणूस मोडल्यावर उरलेलं ज्वारीचं ताट. मास्तरांनी पाटीवरून मान वर केली आणि हे कुणाचं म्हणून विचारलं. मी लाजून म्हटलं, कुणाचं नाही, उगीच. त्यांनी तेवढ्याच दोन ओळी पाटीवर उतरून घेतल्या, मग मला म्हणाले की पहिल्या ओळीतला 'बाई' फक्त जागा भरायला आलाय, दुसऱ्या ओळीत एकही शब्द फुकटचा नाही. दुसरीसारखी पहिली कर. दोन दिवस मी त्या 'बाई'च्या जागी काय घालावं ह्याचा विचार करत कणसं मोडत होते. जमलं नाही. पण कविता ही सुचल्यावर संपत नाही, तिथून तिचं काम सुरू होतं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. कुठल्याही पुस्तकातून ते मला तसं कळलं नसतं.

गावात ही गोष्ट लपणारी नव्हती. खळ्यावरून वाट जात होती. माघ संपता संपता एका संध्याकाळी हे पारावर गेले असताना कुणीतरी हसत विचारलं, "काय मास्तर, बायकू छडी मारती का नुसता कान धरती?" सगळे हसले. त्यात यांचे दोन जुने विद्यार्थीही होते. हे घरी आले, पाटी माळ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खळ्यावर आलेच नाहीत.

यासीन मास्तर मात्र आपल्या वेळेला आले. पोतं झटकलं, बसले. दत्तू कुठं म्हणून त्यांनी विचारलं नाही. त्यांनाही पारावरचं कळलं असणारच, कारण गावात त्यांच्याबद्दल बोललं जायचं ते याहून कडवट असायचं. ते म्हणाले, "सूनबाई, काल 'वादळ'वर थांबलो व्हतो." आणि पाटी मांडीवर घेतली. पन्नाशीचा माणूस, ज्याच्या हाताखालून अर्धं गाव शिकून गेलं, तो एकोणीस वर्षांच्या पोरीसमोर उघड्या खळ्यावर मांडी घालून बसला होता आणि वाटेनं जाणारे थांबून बघत होते. मी सांगत गेले. आवाज मी बारीक केला नाही. उलट वाटेवर ऐकू जाईल असा काढला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी हे आले, मास्तरांच्या शेजारी बसले आणि खिशातून खडू काढला. मास्तरांनी पोत्यावर थोडं सरकून त्यांना जागा दिली. मी पुढचं वाक्य सांगितलं.

मी पुष्कळदा विचार करते, माणसं धीर कुठून आणतात. मोठ्या प्रसंगांचं मला माहीत नाही. आमच्या खळ्यावर तो एका माणसाच्या वेळेवर येण्यातून आला.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी दोनाऐवजी तीन फॉर्म आणले. परीक्षेला बाहेरून कुणीही बसू शकत होतं आणि तालुक्यात मुलींच्या शाळा निघायच्या होत्या, त्यांना शिकवायला बायका मिळत नव्हत्या. तिसरा कागद त्यांनी ओट्यावर ठेवला आणि यांना म्हणाले, दत्तू, आपल्या दोघांत मिळून जेवढं मराठी आहे त्याच्या तिप्पट हिच्यात आहे, ही का बसत नाही? नाही म्हणायचं यांच्या मनात नव्हतं, पण हो म्हणायला अजून पारावरचं हसणं आडवं येत होतं. मी स्वतः काय म्हणणार होते कोण जाणे. मला पहिल्यांदा एखादी गोष्ट इतकी हवी झाली होती की तिचं नाव घ्यायची भीती वाटावी.

परीक्षा ऐन मळणीत होती. बैल खळ्यावर फिरत असणार, रास उघड्यावर असणार, घरातलं एकही माणूस हलण्याचे ते दिवस नव्हते. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"हसणारं गाव हसून बसलंय," त्या म्हणाल्या. "आता तू न्हाई गेलीस तर फुकट हसू झालं म्हनायचं. खळं मी बघते. जा. पर नापास होऊन येऊ नगंस."

मग मी फॉर्मवर सही केली. लग्नानंतरचं नाव मी पहिल्यांदाच पूर्ण लिहीत होते. ते इतकं लांब होतं की कागदावरची जागा पुरली नाही.

निघालो त्या पहाटे चांदणी अजून होती. सडकेपर्यंत बैलगाडी, तिथून मोटार. गाडीत पुढं हे आणि मास्तर, मागं मी, पाठ त्यांच्याकडे आणि पाय बाहेर सोडलेले. बायका गाडीत तशाच बसायच्या. पुढं बसणाऱ्याला येणारा रस्ता दिसतो आणि मागच्याला गेलेला. मी पाहत होते: आमचं खळं, त्यावर सासूबाईंच्या कंदिलाचा ठिपका, मग लिंब, मग नुसता उजेडाचा डाग, मग काही नाही. आजूबाजूला कापून रिकामी झालेली रानं, मध्येच कडब्याच्या गंजी घरांसारख्या उभ्या. पुढं हे दोघं एकमेकांना शब्द विचारत होते. दीपस्तंभातला दी कोणता? दीर्घ. बैलांच्या घुंगरांच्या तालावर दीर्घ, दीर्घ असं चाललं होतं.

परभणीत परीक्षेच्या जागी बाया आम्ही दोघीच. आम्हाला व्हरांड्यात वेगळं बसवलं. दुसरी बाई गरोदर होती आणि ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याचा मला दिवसभर आधार वाटला. पेपरात व्याकरण होतं, उतारा होता, आणि शेवटी निबंध: मी केलेला प्रवास.

विषय मी दोनदा वाचला. मी कुठं गेले होते? माहेराहून सासरी. एवढाच माझा प्रवास, आणि तोही डोळे भरलेले असल्यानं नीट पाहिलेला नव्हता. क्षणभर वाटलं की गलबतावर चढावं, ती पानं मला तोंडपाठ होती. पेन तिकडे वळलंही. मग मनात आलं, हे दुसऱ्याचं आहे, ज्याचं आहे त्याचं नावही मला ठाऊक नाही. मी लिहिलं की आज पहाटे मी गाडीत पाठ करून बसले. मागं काय काय लहान होत गेलं ते लिहिलं. पाठीमागं दोन मास्तर पोरांसारखे घोकत होते ते लिहिलं. रास उघडी टाकून माझ्या सासूनं मला पाठवलं ते लिहिलं. एकही शब्द नुसता जागा भरायला येऊ नये याची काळजी घेत होते. घंटा झाली तेव्हा मला धक्का बसला, कारण मी व्हरांड्यात नव्हतेच.

बाहेर आलो. हे खुशीत होते, त्यांनी सबंध समुद्र उतरवून काढला होता, वादळासकट. मास्तर झाडाखाली बसून बोरूचं टोक फडक्यानं पुसत होते. यांनी विचारलं, किती प्रश्न झाले?

"दोन," मास्तर म्हणाले. सहा होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पर सूनबाई, ळ लय देखना आला."

निकाल ज्येष्ठात लागला. हे पास, मी पास. यासीन मास्तर नापास. अक्षराबद्दल तपासणाऱ्यानं कौतुकाचा शेरा मारला होता म्हणे, पण अक्षराला गुण नव्हते. त्यांची जागा गेली. आमच्या घरात त्या दिवशी दोन पास झालेली माणसं होती आणि कुणाला गोड करायचं सुचलं नाही. संध्याकाळी हे त्यांच्याकडे गेले. मास्तरांनीच त्यांना चहा पाजून परत पाठवलं. वर सांगितलं, पुढच्या चैत्रात मी परत बसणार आहे, सूनबाईला सांग, पाटी फोडू नकोस.

त्या वर्षात एक विचित्र गोष्ट झाली. गावोगावच्या वेशीवरच्या, चावडीवरच्या, शाळांवरच्या पाट्या मराठीत करायच्या होत्या आणि रंगवणारा माणूस मिळेना. मास्तरांनी ब्रश उचलला. बोरीपासून जिंतूरपर्यंत ज्या ज्या गावाचं नाव मराठीत लागलं, ते मराठीच्या परीक्षेत नापास झालेल्या माणसानं लिहिलेलं होतं. ते डोक्याला फडकं बांधून शिडीवर उभे असायचे आणि खाली लोक जमायचे. आमच्या शाळेची पाटी रंगवली त्या दिवशी पारावरचेही आले होते. त्यातल्या एकानं, ज्यानं छडीचं विचारलं होतं त्यानंच, शिडी धरली होती. मास्तर उतरेपर्यंत त्यानं ती सोडली नाही.

आणि रोज दुपारी ते आमच्याकडे यायचेच. आता मी त्यांना सुंदर लिहू देत नव्हते. मी भराभरा सांगायची, ते मागं पडायचे, मी थांबायची नाही. रेघ शेवटी ओढा, मी म्हणायची. गाठी राहू द्या. पुढं चला. त्यांना ते किती जड जात होतं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. गायकाला कुणी बेसूर गायला लावावं तसं. काही वेळा त्यांचा बोरू थांबायचा आणि ते डोळे मिटून घ्यायचे. मलाही वाईट वाटायचं, पण मी सांगत राहायची. शिकवणं म्हणजे काय, ते मी नंतर बत्तीस वर्षं केलं, पण तेवढं कठीण पुन्हा कधी वाटलं नाही.

दुसऱ्या चैत्रात त्यांनी सहाही प्रश्न सोडवले. पास झाल्याची बातमी घेऊन ते स्वतः आले, तेव्हा मी मुलींच्या नव्या शाळेतून शिकवून नुकती घरी आले होते. म्हणाले, "चांगलं अक्षर यायला मला तीन वर्षं लागली व्हती. वंगाळ यायला एकच लागलं." आणि हसले. मग सासूबाईंनी शिरा केला, आदल्या वर्षीचाही धरून, पातेलंभर.

त्यांना पुन्हा जागा मिळाली ती पूर्णेजवळच्या एका गावात. आमच्याही बदल्या सुरू झाल्या. मी सोनपेठकडे, हे दुसरीकडे. सासूबाई माझ्याबरोबर राहिल्या आणि त्यांनी माझी मुलं वाढवली. मी शाळा सांभाळून लिहीत होते. कोणी लिही म्हटलं नव्हतं आणि कोणी थांबही म्हटलं नव्हतं. बदलीच्या प्रत्येक गावी आधी पाण्याची सोय बघायची, मग वाचनालयाची. वाचनालय म्हणजे कुठं चावडीतलं एक कपाट, कुठं नुसती कुलपाची किल्ली हरवलेली पेटी. पुस्तकांसाठी मी मोटारीनं, गाडीनं, पायी हिंडले. आठवड्याच्या बाजारादिवशी भाजीच्या पिशवीतून पुस्तकं आणली. परीक्षेतला तो निबंध मला परत मिळणार नव्हता, म्हणून तो आठवून पुन्हा लिहिला. मग पुन्हा. पाचव्यांदा लिहिलेला एका मासिकाला पाठवला. परत आला. आणखी दोनदा लिहिला. सातवा छापून आला तेव्हा परीक्षेला सहा वर्षं झाली होती आणि सुगीचे दिवस होते.

अंक घेऊन मी एकटीच पूर्णेला गेले. आगगाडीत एकटीनं बसायची माझी ती पहिली वेळ. यावेळी मी इंजिनाकडे तोंड करून बसले. जंक्शनवर उतरून टांगा केला आणि विचारत विचारत मास्तरांचं घर गाठलं. ते बरेच म्हातारे झाले होते. माझ्याकडे बघून ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग त्यांनी बायकोला हाक मारली, सूनबाई आली म्हणून.

मी अंक दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि सबंध लेख मोठ्यानं वाचला, सावकाश, न अडखळता. त्यात ते होते, हे होते, खळं होतं. जिथं त्यांचं आलं तिथं त्यांचा आवाज बदलला नाही. बाहेर त्यांच्याही गावची मळणी चालली होती. वाचून झालं. मी वाट पाहत होते. चांगलं म्हणतील, शाबासकी देतील, मला ती हवी होती, सहा वर्षं हवी होती. त्यांनी कोनाड्यातून दौत घेतली, लाल शाईची, मुलांच्या वह्या तपासायची. बोरू बुडवला आणि दुसऱ्या पानावरच्या एका शब्दाखाली रेघ मारली.

"ह्यो उकार दीर्घ पायजे," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. खरंच चुकलं होतं. मी म्हटलं, मास्तरसाहेब, आता छापून आलंय, आता काय उपयोग?

"छापलंय म्हनून तर," ते म्हणाले. "लोक वाचनार हायत."

मग त्यांनी आणखी एक दाखवली. एका वाक्यात दोन शब्द फुकटचे होते. एका ठिकाणी मी पहाटेचं चांदणं लिहिलं होतं, ते त्यांनी विचारलं, त्या दिवशी चांदणं होतं का, की चांगलं दिसतं म्हणून? मी कबूल केलं की एक चांदणी होती, तेवढीच. ते म्हणाले, मग तेवढीच लिही.

स्टेशनवर परत आले तेव्हा माझ्या हातात तो लाल खुणांनी भरलेला अंक होता. वाईट वाटायला हवं होतं. पण मला असं वाटत होतं की आजपर्यंत मी आवडीनं लिहीत होते आणि आज मी लिहिणारी बाई झाले. माझ्या लेखणीतून काहीतरी असं उतरलं होतं की ज्याच्यातली चूक काढण्याचे कष्ट एका जाणत्या माणसानं घेतले. फलाटावर ज्वारीची पोती रचलेली होती, हमाल त्यांच्यावर बसून भाकरी खात होते. गाडीला तासभर अवकाश आहे असं कळलं. मी एका पोत्याला टेकून बसले, पिशवीतून वही काढली आणि आठव्यांदा पहिली ओळ लिहिली.